बायकांसाठी मॅक्स हार्ट रेट नेमका कोणत्या सूत्राने काढायचा?

चढणीची_वाट

नमस्कार मंडळी. माझं वय ४३. पळायला लागून बऱ्यापैकी काळ झालाय, आता हार्ट रेट झोन बघून नीट ट्रेनिंग करावं असं ठरवलं आणि सुरुवातीलाच अडकलेय. सगळे झोन मॅक्स हार्ट रेटच्या टक्क्यांत असतात, म्हणजे आधी मॅक्स माहीत पाहिजे. वॉचने स्वतःच २२० वजा वय करून १७७ धरून ठेवलाय. मग वाचलं की ते सूत्र पुरुषांच्या आकड्यांवरून आलंय आणि बायकांसाठी वेगळं आहे, २०६ वजा वयाच्या ०.८८ पट, त्याने माझे १६८ येतात. अजून एक सापडलं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, त्याने १७८. आणि एक नॉर्वेवालं, २११ वजा वयाच्या ०.६४ पट, त्याने १८३-१८४. वय तेच, बाई तीच, आणि सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यात १५ ठोक्यांचा फरक!

याने प्रत्यक्षात काय होतं सांगते. माझा सोपा, गप्पा मारत पळायचा स्पीड साधारण १४० ठोक्यांना असतो. मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलू शकते, धाप वगैरे काही नाही. १६८ धरले तर १४० म्हणजे ८३ टक्के, वॉच सांगतं झोन ४, कठीण. १७७ धरले तर ७९ टक्के, झोन ३. १८४ धरले तर ७६ टक्के. बायकांच्या सूत्राप्रमाणे गेले तर सोपं पळणं म्हणजे मला जवळजवळ चालावंच लागेल.

दुसरं म्हणजे, एका लांब चढाच्या शेवटी वॉचवर १८१ दिसलेत, आणि एकदाच नाही, वेगवेगळ्या दिवशी १७९ ते १८१ असे. दम पूर्ण गेलेला असतो पण चक्कर, छातीत दुखणं असलं काही नाही आणि दोन-तीन मिनिटांत छान खाली येतं. पण एका ट्रेनरने सांगितलं की बायकांनी त्यांच्या सूत्राच्या वर जाऊच नये, हृदयावर ताण येतो. तेव्हापासून चढावर भीती वाटायला लागलीये. खरं काय मानायचं? बायकांसाठी खास काढलेलं सूत्र जास्त बरोबर असायला हवं ना?

लांबपल्ला

ताई, आधी भीतीचं बोलू. ते १८१ खरे असतील (ते खरे आहेत का हे तपासायला लागेल, त्यावर कोणीतरी लिहीलच) तर तुमचा मॅक्स १६८ असूच शकत नाही. मॅक्स म्हणजे हृदय जास्तीत जास्त जेवढे ठोके मारू शकतं तेवढे. त्याच्यावर कोणी जाऊ शकत नाही, म्हणून "मॅक्सच्या वर जाऊ नका" या सल्ल्याला अर्थच उरत नाही. तुम्ही वर गेलात म्हणजे अंदाज चुकला होता एवढंच.

आता अंदाज का चुकतात. ही सगळी सूत्रं म्हणजे खूप लोकांच्या ठोक्यांच्या ठिपक्यांमधून काढलेली एक रेघ आहे. रेघेवर बसणारे लोक थोडेच, बाकीचे वरखाली पसरलेले. हा पसारा साधारण १० ते १२ ठोक्यांचा असतो, म्हणजे तीनातले दोन जण अंदाजापासून तेवढ्या अंतराच्या आत आणि तिसरा बाहेर. ४३ वर्षांच्या शंभर निरोगी लोकांना घेतलं तर सरासरी १७८ च्या आसपास येईल, पण त्यात कोणी १६० चा असेल, कोणी १९६ चा, आणि सगळे एकदम ठणठणीत. १६० वाल्याचं हृदय कमजोर असतं असंही नाही आणि १९६ वाली जास्त फिट असते असंही नाही. मॅक्स हा बराचसा जन्मजात असतो, ट्रेनिंगने वाढत नाही, वयाने हळूहळू उतरतो. ट्रेनिंगने वाढतं ते एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त.

२२० वजा वय कुठून आलं ते पण बघा, कारण लोक त्याला नियम समजतात. १९७१ साली फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल या तिघांनी हृदयरोग टाळण्यासाठी व्यायाम या विषयावर एक लेख लिहिला, त्यात आधीच छापून आलेल्या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडून नजरेने एक रेघ ओढली. त्यासाठी वेगळा प्रयोग नव्हता, गणिती पद्धतीने बसवलेली रेघही नव्हती. पुढे २००२ मध्ये रॉबर्ग्स आणि लँडवेर या दोघांनी या सूत्राचा उगम शोधत शोधत मागे जाऊन हेच दाखवून दिलं. पण आकडा तोंडी हिशोबाला सोपा, म्हणून जिमच्या भिंतींपासून घड्याळांपर्यंत सगळीकडे जाऊन बसला.

२०८ वालं तनाका यांचं, २००१ चं. ३५१ अभ्यास, १८,७१२ लोक, आणि त्यावर स्वतः लॅबमध्ये तपासलेले ५१४ लोक वेगळे. वय ४० ला हे आणि २२० वालं अगदी सारखंच येतं, १८०. तरुण वयात २२० वालं जास्त सांगतं आणि साठीनंतर कमी. तुमचं वय ४० च्या जवळ आहे म्हणून तुम्हाला १७७ आणि १७८ असे जवळजवळ सारखेच मिळाले.

आणि तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यात महत्त्वाचं. तनाकाच्या अभ्यासात बाई-पुरुष असा फरक सापडला नाही. नॉर्वेच्या अभ्यासात (२०१३, १९ ते ८९ वयाचे ३,३२० निरोगी लोक, अगदी दमेपर्यंत पळवून मोजलेले) पण सापडला नाही. फिटनेसचा नाही, वजनाचाही नाही. वय सोडून कशानेच विशेष फरक पडत नव्हता, आणि वयाने काढलेला अंदाजसुद्धा ११ ठोक्यांच्या आसपास इकडेतिकडे होत होता.

नाडीवर_बोट

वरचं सगळं बरोबर, फक्त बायकांच्या सूत्राबद्दल थोडं बोलायला हवं कारण ते टाकाऊ नाही. मी डॉक्टर आहे, स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) रोजच्या कामाचा भाग आहे.

हे सूत्र डॉ. मार्था गुलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, २०१० चं. शिकागो भागातल्या ३५ आणि त्यावरच्या वयाच्या ५,४३७ बायका, कोणालाही हृदयाची तक्रार नाही, सगळ्यांची १९९२ मध्ये ट्रेडमिलवर स्ट्रेस टेस्ट केलेली आणि नंतर बरीच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलेलं. त्यांचा मुख्य प्रश्न असा होता की स्ट्रेस टेस्टमध्ये एखाद्या बाईचे ठोके अपेक्षेएवढे वाढले नाहीत तर तिला पुढे जास्त धोका आहे का. आता "अपेक्षेएवढे" हे ठरवायचं कशावरून? इतकी वर्षं २२० वजा वय याच्या ८५ टक्के हे टार्गेट धरलं जायचं, तेही बायकांना आणि पुरुषांना एकच. ४३ च्या बाईला त्याने १५० गाठायला लागतात. गुलाटींच्या सूत्राने १४३. म्हणजे १४६ ला थांबलेली बाई जुन्या हिशोबात "टार्गेट गाठलं नाही, टेस्ट अपुरी" अशी नोंदली जाते आणि नव्या हिशोबात नॉर्मल. विनाकारण पुढच्या तपासण्या, विनाकारण काळजी. बायकांना बायकांच्याच आकड्यांशी ताडून बघायचं हे काम फार गरजेचं होतं आणि हृदयाच्या संशोधनात बायकांना किती वर्षं बाजूला ठेवलं गेलं हे मला माहीत असल्यामुळे त्याची किंमत मला जास्त वाटते.

पण ट्रेनिंगचे झोन काढायला तेच आकडे घेताना एक गोष्ट लक्षात घ्या. अशा टेस्टला ब्रूस प्रोटोकॉल वापरतात. सुरुवात ताशी २.७ किमी वेगाने पण १० टक्के चढावर, आणि दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पळायची सवय नसलेली पन्नाशीची बाई यात बऱ्याचदा पोटऱ्या भरून आल्या म्हणून थांबते, पाय थकले म्हणून थांबते, पट्ट्यावरून पडायची भीती वाटली म्हणून थांबते. हृदयात अजून दहा-पंधरा ठोके शिल्लक असतात आणि टेस्ट संपते. त्या टेस्टच्या कामासाठी हे चालतं, कारण उद्या दुसरी बाई येईल तीही तशीच थांबणार आहे, तुलना बरोबरीची होते. पण "टेस्टमध्ये गाठलेला सर्वांत जास्त आकडा" आणि "हृदयाचा खरा मॅक्स" या दोन गोष्टी आहेत. नियमित चढ पळणाऱ्या बाईला पहिला आकडा लावला तर तिचे सगळे झोन खाली सरकतात, तुमच्या बाबतीत तेच झालंय.

ट्रेनरचा सल्ला वैद्यकीय दृष्टीने चुकीचा आहे. निरोगी हृदय जोराच्या व्यायामात मॅक्सला जाऊन आलं तर त्याला इजा होत नाही. मी बघते ती लक्षणं. छातीत दाब किंवा दुखणं, जबड्यात नाहीतर डाव्या हातात जाणारी कळ, चक्कर, डोळ्यासमोर अंधारी, ठोके चुकल्यासारखे अनियमित वाटणं, किंवा नेहमीच्याच चढाला अचानक कधी नाही एवढा दम लागणं. यातलं काही झालं तर घड्याळात १३० असले तरी थांबायचं आणि दाखवायचं. बायकांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता दम, मळमळ, विलक्षण थकवा असं येण्याचं प्रमाण जास्त, म्हणून "छातीत तर दुखत नाही ना" यावर निर्धास्त राहू नका.

सावकाश_जाणारी

मी उलट्या बाजूची. वय ३८, २२० वजा वय म्हणजे १८२. ग्रुपच्या कोचने सगळ्यांना एकच टेबल दिलं होतं आणि इंटरव्हल (मधे विश्रांती घेत जोरात पळायचे तुकडे) ९० टक्क्यांना करायचे, म्हणजे १६४. मी जीव तोडून पळायचे आणि १६१ वर अडकायचे, तोंडातून शब्द फुटत नसायचा, आणि वर ऐकायला मिळायचं की तू पूर्ण जोर लावत नाहीयेस. शेवटी लॅबमध्ये मास्क लावून टेस्ट केली तर मॅक्स निघाला १६७. म्हणजे मला जे ९० टक्के म्हणून सांगत होते ते माझे ९८ टक्के होते! तेवढ्यावर चार-चार मिनिटांचे इंटरव्हल कोणालाच जमणार नाहीत.

आता गंमत बघा, गुलाटींच्या सूत्राने मला १७२-१७३ येतात, म्हणजे माझ्यासाठी बायकांचं सूत्र जवळचं आणि ताईंसाठी नॉर्वेवालं जवळचं. याचा अर्थ मी जास्त बाई आणि त्या कमी असा थोडाच आहे. जिचा मॅक्स खाली तिला खालचं सूत्र लागू पडल्यासारखं वाटतं, एवढंच. म्हणून कोणी म्हणालं ना की "मला अमुक सूत्र परफेक्ट बसतं" तर त्यावरून तुमच्यासाठी काही ठरवू नका.

पॅडल_आणि_पट्टा

ते १८१ तपासायचं बोलू. मनगटावरच्या वॉचला ठोके ऐकू येत नाहीत, ते हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लाट बघतं. पळताना हात पुढेमागे होतो त्याचीही एक लाट तयार होते आणि कधी कधी वॉच त्या पावलांच्या लयीलाच ठोके समजून बसतं. पळणाऱ्यांची पावलं मिनिटाला १६० ते १८० च्या आसपास पडतात, म्हणजे नेमके तेच आकडे जे आपल्याला मॅक्स वाटू शकतात. म्हणून ॲपमध्ये जाऊन ग्राफ उघडा आणि हार्ट रेट आणि केडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) एकावर एक ठेवून बघा. खोटा आकडा असेल तर ठोके दोन-चार सेकंदांत १२५ वरून १७० ला उडी मारतात आणि मग केडन्सच्या रेघेला चिकटून सपाट चालतात. खरा असेल तर चढाबरोबर हळूहळू चढतील, शिखर चढाच्या शेवटी किंवा थांबल्यानंतर काही सेकंदांनी येईल आणि मग गोलाकार उतरतील.

आणि जमलं तर छातीचा पट्टा घ्या, तो हृदयाचा विजेचा सिग्नल वाचतो, ईसीजीसारखा. बायकांना याचा एक वेगळा त्रास असतो जो कुठल्याच मॅन्युअलमध्ये नीट लिहिलेला नसतो. स्पोर्ट्स ब्राचा खालचा इलॅस्टिक आणि पट्टा एकाच जागेवर येतात. पट्टा इलॅस्टिकच्या वर चढला की सैल पडतो आणि आकडे भरकटतात, खूप घट्ट केला तर श्वास घेताना काचतो आणि सोलवटतं. पट्टा इलॅस्टिकच्या बरोबर खाली, कातडीला सपाट, आणि इलेक्ट्रोड आधी पाण्याने ओले केलेले. कोरड्या हवेत सिंथेटिक कपडा असेल तर घाम येईपर्यंत पहिली पाच-दहा मिनिटं वेडेवाकडे आकडे येतात, ते सोडून द्यायचे. पट्टा अजिबातच सहन होत नसेल तर दंडावर बांधायचा ऑप्टिकल सेन्सर मिळतो, तो मनगटापेक्षा बराच बरा कारण तिथे हाताची हालचाल कमी आणि मांस जास्त. मनगटावरचंच वापरणार असाल तर हाडाच्या वर एक बोट सरकवून घट्ट बांधा.

अजून एक, मी सायकलवाली आहे म्हणून सांगते. पळण्यातला मॅक्स सायकलला जशाचा तसा लावू नका. सायकलवर बहुतेकांचा ५ ते १० ने कमी येतो कारण कमी स्नायू काम करतात, पोहताना त्याहून कमी. प्रत्येक प्रकाराचा वेगळा मोजायचा.

चढणीची_वाट

किती छान लिहिलंय सगळ्यांनी! ग्राफ बघितला. चढावर माझा केडन्स १५८ च्या आसपास होता आणि ठोके शेवटच्या तीन मिनिटांत १६५ वरून हळूहळू १८१ ला गेलेत, वर पोचून थांबल्यावर उतरलेत. एका सपाट रनमध्ये मात्र सुरुवातीलाच १६८ ची सपाट रेघ आहे आणि केडन्सही १६८, तो नक्कीच खोटा दिसतोय. डोक्यावरचं ओझं उतरलं खरंच.

आता पट्टा लावून नीट मोजायचं ठरवलंय. लॅबमध्ये न जाता कसं मोजायचं? आणि तो आकडा मिळाला की झोन नुसते टक्क्यांनी काढायचे की रेस्टिंग हार्ट रेट (पूर्ण आरामातले ठोके) धरून? माझा रेस्टिंग ६० आहे. बाकी मला ना बीपी ना शुगर, घरात लहान वयात हृदयाचं कोणाला नाही, गोळ्या कुठल्याच नाहीत.

लांबपल्ला

चढावरच करा, तुम्हाला सवय आहे. आदल्या दिवशी आराम, झोप झालेली, सर्दीताप नको, फार ऊन नको. पंधरा-वीस मिनिटं नीट वॉर्मअप, त्यात शेवटी दोन-तीन छोटे वेगवान तुकडे. मग दोन-तीन मिनिटं लागतील असा एकसारखा चढ. पहिल्यांदा जोरात पण हातचं राखून, उतरताना चालत या. दुसऱ्यांदा त्याहून जोरात. तिसऱ्यांदा सुरुवातीपासून जोर आणि शेवटची ३० सेकंद जे काही उरलंय ते सगळं. तिसऱ्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा, एकटादुकटा उडालेला ठिपका नाही, काही सेकंद टिकलेला. वॉर्मअप न करता थेट जोर लावला तर पाय आधी थकतात आणि ठोके वर पोचतच नाहीत, म्हणून तिथे घाई नको. एकटीने करू नका, कोणीतरी सोबत असू द्या. आणि एका टेस्टवर थांबू नका, पुढच्या काही महिन्यांत कुठल्या रेसच्या शेवटी त्याहून मोठा आकडा दिसला तर तो तुमचा नवा मॅक्स. दिसलेला खरा आकडा ही नेहमी खालची मर्यादा असते, खरा मॅक्स तेवढा किंवा त्याहून थोडा जास्त.

रेस्टिंग धरून काढायची पद्धत कार्वोनेन या फिनलंडच्या संशोधकाच्या नावाने ओळखली जाते, १९५७ च्या अभ्यासावरून. समजा तुमचा मॅक्स १८३ निघाला. त्यातून रेस्टिंग ६० वजा केले, राहिले १२३, हे तुमचं रिझर्व्ह. हवे तेवढे टक्के या १२३ चे काढायचे आणि त्यात परत ६० मिळवायचे. ४० टक्के म्हणजे १०९, ६० टक्के म्हणजे १३४, ८९ टक्के म्हणजे १६९-१७०. मध्यम व्यायाम रिझर्व्हच्या ४० ते ५९ टक्के आणि जोराचा ६० ते ८९ असं धरतात. नुसत्या मॅक्सच्या टक्क्यांत बोलायचं तर मध्यम ६४ ते ७६. दोन्ही पद्धतींचे टक्के एकमेकांत मिसळायचे नाहीत, ७० टक्के रिझर्व्ह आणि ७० टक्के मॅक्स यात तुमच्या बाबतीत १८ ठोक्यांचा फरक पडतो. वॉचच्या सेटिंगमध्ये कुठली पद्धत चालू आहे ते बघून घ्या.

पण बघा, १४० म्हणजे तुमचे रिझर्व्हचे ६५ टक्के झाले, तक्त्याप्रमाणे "जोराचा", आणि तुम्ही तर गप्पा मारताय. तर या टक्क्यांच्या रेघाही सरासरीच्याच, मॅक्स अगदी अचूक मोजला तरी. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना मॅक्सच्या आधी दोन दुसऱ्या जागा शोधायला लावतो. एक, बोलण्याची. सपाट रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत जायचं आणि दर काही मिनिटांनी तीन-चार वाक्यं मोठ्याने म्हणायची. जिथे वाक्याच्या मधेच श्वास घ्यावा लागतो, "येतंय बोलता पण नको वाटतंय" असं होतं, तो आकडा लिहून ठेवा. सोपं पळणं त्याच्या खाली. दुसरी, अर्धा तास एकटीने जेवढं एकसारखं जोरात पळता येईल तेवढं पळायचं आणि शेवटच्या २० मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी घ्यायची, तो तुमचा थ्रेशोल्ड साधारण, म्हणजे ज्याच्या वर गेलं की फार वेळ टिकता येत नाही ती रेघ. हे दोन आकडे तुमच्या शरीराने दिलेले असतात. मला विचाराल तर झोन यांच्यावर बांधा आणि मॅक्स फक्त वरचं टोक म्हणून माहीत असू द्या.

नाडीवर_बोट

टेस्ट करायच्या आधी कोणी थांबायचं तेही इथे नोंदवते, धागा वाचून दुसरं कोणी करायला जाईल. बीपी, मधुमेह, हृदयाचा कुठलाही आजार, घरात कमी वयात हार्ट अटॅक किंवा अचानक मृत्यू, आधी सांगितलेल्यापैकी कुठलंही लक्षण, किंवा बरीच वर्षं काहीच व्यायाम नाही, अशांनी मॅक्स टेस्ट स्वतः करायची नाही, आधी डॉक्टर. त्यांना मॅक्सची गरजही नसते, बोलत बोलत जमेल असा व्यायाम सुरू करायला कुठलंच सूत्र लागत नाही.

गोळ्यांचं विशेष सांगते. बीटा ब्लॉकर चालू असतील (प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल वगैरे) तर वयावरचं एकही सूत्र लागू नाही, मॅक्स वीस-तीस ठोक्यांनी सहज खाली येतो. आणि हे फक्त हृदयाच्या पेशंटना देतात असं नाही, मायग्रेन टाळायला देतात, एन्झायटीत धडधड कमी करायला देतात, त्यामुळे कितीतरी तरुण बायका ते घेत असतात आणि मग जिमच्या मशीनवर "तुमचा हार्ट रेट वाढत नाहीये" म्हणून आणखी आणखी जोर लावतात. गोळी मनाने बंद करायची नाही, एकदम बंद केली तर धोका असतो. जोर अंगाला कसा वाटतोय त्यावर चाला.

उलटं म्हणजे हिमोग्लोबिन कमी असेल किंवा थायरॉईड वाढलेला असेल तर नेहमीच्याच वेगाला ठोके जास्त दिसतात. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांनी नेहमीचा १४० वाला रन काही आठवडे सतत १५० ला जायला लागला तर फिटनेस गेला म्हणून जास्त पळण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्यावं. माझ्याकडे येणाऱ्या पळणाऱ्या बायकांत हे फार वेळा सापडतं, आणि उपचारही सोपा.

नवऱ्याबरोबर किंवा भावाबरोबर पळणाऱ्यांसाठी. एकाच वेगाला तुमचे ठोके त्यांच्याहून जास्त असतात, कारण बाईचं हृदय आकाराने लहान, एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं आणि हिमोग्लोबिनही थोडं कमी, तेवढाच ऑक्सिजन पोचवायला जास्त ठोके लागतात. खरा फरक इथे आहे. वरच्या टोकाला, म्हणजे मॅक्सला, फारसा नाही. त्यांच्या घड्याळात १३० दिसतात म्हणून तुम्ही स्वतःला १३० ला बांधून घेऊ नका.

मधली_पाळी

धाग्यात मधेच येते, विषय जवळचाच आहे म्हणून. वय ४७, पाळी कधीही येते कधीही नाही. काही दिवस सकाळचा रेस्टिंगच ५ ने जास्त असतो आणि पळताना सगळंच वर सरकलेलं. तेव्हा मॅक्स पण वाढलेला असतो का? म्हणजे झोन बदलायचे का? आणि माझी बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे, तिला कोणीतरी सांगितलंय १४० च्या वर जायचं नाही, ते खरंय का?

नाडीवर_बोट

मॅक्स वाढत नाही. अंडं बाहेर पडल्यानंतरच्या दोन आठवड्यांत अंगाचं तापमान थोडं वाढतं, साधारण ०.३ ते ०.५ अंश, आणि रेस्टिंग दोन-चार ठोक्यांनी वर जातो, पाळी आली की उतरतो. पाळीच अनियमित झाली की हे कधी होईल सांगता येत नाही, त्यात हॉट फ्लॅश आला की ठोके तेवढ्यापुरते अजून वाढतात, रात्री झोप मोडली की दुसऱ्या दिवशी परत वर. झोन बदलू नका, त्या दिवशी आकड्यापेक्षा बोलण्यावर चाला. नेहमीच्या सोप्या रनला ५ ठोके जास्त दिसले आणि बोलता येतंय तर चालू द्या. धडधड बसल्या बसल्या, विनाकारण आणि अनियमित होत असेल तर मात्र मेनोपॉजच्या नावावर टाकू नका, ईसीजी आणि थायरॉईड करून घ्या.

बहिणीचं. १४० ची मर्यादा अमेरिकेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये घातली होती आणि १९९४ मध्ये त्यांनीच काढून टाकली. तरी अजून सगळीकडे फिरतेय. गरोदरपणात रेस्टिंग १०-२० ठोक्यांनी वर जातो आणि वरचं टोक थोडं खाली येतं, मधलं अंतरच आकसतं, त्यामुळे कुठलंही सूत्र तिथे बसत नाही. तिच्या डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलं असेल तर पूर्ण वाक्य बोलता येईल एवढा जोर. रक्तस्राव, पाणी जाणं, नियमित कळा, चक्कर, छातीत दुखणं, पोटरी सुजून दुखणं यातलं काही झालं की लगेच थांबून फोन करायचा.

चढणीची_वाट

टेस्ट झाली! पट्टा लावून, मैत्रीण सोबत. तिसऱ्या चढाला १८४, काही सेकंद टिकलेला, ग्राफ एकदम गोलाकार. बोलण्याची टेस्टही केली, वाक्य तुटायला लागलं १४७ ला. अर्धा तासवाली अजून राहिलीये, पाय मोकळे झाले की करते. वॉचमधला १७७ काढून १८४ टाकला आणि सोप्या झोनची वरची रेघ हाताने १४५ केली.

एकच शंका राहिली. लांब रनमध्ये वेग तोच असतानाही तासाभरानंतर ठोके १४० वरून १५० ला जातात. तेव्हा वेग कमी करून १४५ च्या खाली यायचं का?

लांबपल्ला

मस्त! हो, ते ठोके सरकणं सगळ्यांनाच होतं. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, अंग तापतं म्हणून रक्त कातडीकडे वळतं, मग एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं आणि ठोके वाढतात. सोपा रन असेल तर पहिला तासभर १४५ पाळा, नंतर श्वास आरामात असेल तर १५० पर्यंत जाऊ द्या. श्वासही जड व्हायला लागला तर वेग उतरवा, पाणी प्या. उन्हाच्या दिवशी हे सरकणं लवकर सुरू होतं, तेव्हा सुरुवातच हळू करा. हेच अंतर काही महिन्यांनी परत पळून बघा, सरकणं १० वरून ५-६ ठोक्यांवर आलं असेल तर तुमचा पाया वाढलाय, आणि हे कळायला मॅक्सचा आकडा लागतही नाही. अर्धा तासवाल्या टेस्टचा आकडा आला की इथेच टाका, थ्रेशोल्डचे इंटरव्हल किती ठोक्यांवर करायचे ते त्यावरून ठरवू.